उदाहरण सोडवू नये, सोडून द्यावे

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थीमित्रांनो, 'उदाहरण सोडवणे' या शब्दप्रयोगाने आजवर तुमची फार दिशाभूल केली आहे. सोडवणे आणि सोडणे यांत जेमतेम एका 'व'चा फरक आहे, आणि ज्याला तो 'व' वेळीच गाळता आला त्याची पदवीची वर्षे सुखाची गेली, हे मुंबईतल्या एका महाविद्यालयात वीसेक वर्षे वह्या तपासल्यानंतर मी खात्रीने सांगू शकतो. लेखाकर्म, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि ऑपरेशन्स मॅनेजमेंट हे चार विषय वेगवेगळे दिसत असले तरी त्यांचा पाया एकच आहे: उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेले असते. जे आधीच छापून झाले आहे ते पुन्हा काढत बसणे हा शुद्ध अपव्यय होय, आणि अपव्यय टाळावा असे तर ऑपरेशन्सच्या पहिल्याच प्रकरणात लिहिलेले असते. तुमच्याकडे प्रश्न आहे, उत्तर आहे. मधली दीड पाने भरून काढणे एवढेच काय ते काम उरते.

ही दीड पाने मिळवण्यासाठी पूर्वी महाविद्यालयाच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन सोडवलेला संच हळू आवाजात मागावा लागे. आता प्रश्नाचा फोटो काढला की मोबाइलमधला एआय अर्ध्या मिनिटात पायऱ्यांसह उत्तर देतो, आणि ते चुकले असले तरी इतक्या आत्मविश्वासाने देतो की शंका घेणे असभ्यपणाचे वाटावे. तरीही मी तुम्हाला जुना, घरगुती मार्गच सुचवीन. वर्गात एक मुलगी असतेच, जी रात्री जागून उदाहरण स्वतः करते. तिच्या वहीचा फोटो वसईहून निघतो, अंधेरीपर्यंत चार जणांच्या वहीत उतरतो आणि चर्चगेटला पोचेस्तोवर साऱ्या वर्गाची मालमत्ता होतो. या प्रवासात आकड्यांना आणि अक्षरांना धक्के बसणे स्वाभाविक आहे. मराठी माध्यमाच्या एका तुकडीत माझ्यापुढे ओळीने अकरा वह्या आल्या, ज्यांत 'यंत्रावरील घसारा १० टक्के' याऐवजी 'यंत्रावरील पसारा १० टक्के' असे लिहिलेले होते. घसारा म्हणजे वापरामुळे यंत्राच्या किमतीत दरवर्षी होणारी घट. घाईत काढलेला 'घ' हा 'प'सारखा दिसतो, हे मला मान्य आहे. बाराव्या वहीत मात्र 'पसारा आवरला' अशी नोंद नव्हती, याचे मला आजही वाईट वाटते.

लेखाकर्मापासूनच आरंभ करू, कारण त्यात प्रतिभेला सर्वाधिक वाव आहे. लुका पाचोली या इटालियन भिक्षूने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या गणिताच्या ग्रंथात तिथल्या व्यापाऱ्यांची द्विनोंदी पद्धत, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत नोंदवण्याची रीत, लिहून ठेवली, आणि तेव्हापासून ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत असा आग्रह धरला जातो. बाजू जुळण्यासाठी नोंदी बरोबर असाव्या लागतात हा नवशिक्यांचा गैरसमज आहे. अनुभवी विद्यार्थी मोठ्या बाजूची बेरीज आधी करतो, तीच लहान बाजूखाली लिहितो, दोन्हींखाली पट्टीने दुहेरी रेघ मारतो आणि मग मधल्या रकमांना त्या बेरजेत बसण्याची विनंती करतो. ज्या रकमा अगदीच ऐकत नाहीत त्यांना 'किरकोळ खर्च' या नावाखाली आश्रय मिळतो. या व्यवसायाचा किरकोळ खर्च कधीकधी पगारापेक्षा जास्त होतो, परंतु कोणताही परीक्षक मालकाच्या खासगी आयुष्यात डोकावत नाही.

फरक लपवणे जमत नसेल तर सस्पेन्स खाते उघडावे. हे खाते मुळात तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, जुळत नाही तेव्हा चूक सापडेपर्यंत फरक ठेवण्याची तात्पुरती जागा आहे, परंतु मुंबईत तात्पुरती म्हणून उभी राहिलेली कोणती गोष्ट कधी हलली आहे? ते खुशाल ताळेबंदात न्यावे. एकच सावधगिरी बाळगावी: फरकाचा आकडा जपून निवडावा. तेरजेत ९०० रुपयांचा फरक दिसला की आमच्यासारखे खडूस परीक्षक त्याला लगेच ९ ने भागून पाहतात. भाग गेला, तर कुठेतरी दोन अंकांची अदलाबदल झाली असावी, म्हणजे ५,४०० च्या जागी ४,५०० लिहिले गेले असावे, असा संशय घेऊन ते खतावणी उलटी चाळू लागतात. तिथे काही सापडले नाही तर फरकाची निम्मी रक्कम, ४५०, शोधतात, कारण एखादी रक्कम नावे पडण्याऐवजी जमेला गेली की फरक तिच्या दुपटीने येतो. अशा माणसांच्या हाती लागायचे नसेल तर फरक ९ ने भाग न जाणारा आणि विषम ठेवावा. अर्थात एवढा विचार करून फरक बेतायचा, तर तेवढ्या वेळात चूकच सापडते; पण तो धोका पत्करावा लागेल.

तेरजेखाली लहान टायपात दिलेल्या समायोजनांकडे, म्हणजे वर्षअखेरीला करायच्या दुरुस्त्यांकडे, दुर्लक्ष करणे श्रेयस्कर. अखेरचा साठा, मूळ किंमत ४०,००० रुपये आणि बाजारभाव ४८,००० रुपये, असे तिथे लिहिलेले असते. या दोहोंपैकी जी कमी ती घ्यावी असा नियम आहे, कारण अजून न विकलेल्या मालावरचा नफा आधीच मोजू नये. तुम्ही मात्र उदार मनाने ४८,००० घ्यावेत, किंवा दोन्हींची सरासरी काढावी, म्हणजे कोणावरच अन्याय होणार नाही. शिवाय प्रत्येक समायोजनेचे परिणाम दोन ठिकाणी दाखवावे लागतात. त्यांतला जो आठवेल तो दाखवून दुसरा सस्पेन्स खात्याच्या भरवशावर सोडावा.

अर्थशास्त्रात एवढे कष्ट नाहीत. एकमेकांना छेदणाऱ्या दोन रेषा काढाव्यात, अक्षांना नावे देऊ नयेत, आणि खाली 'इतर परिस्थिती कायम असताना' असे लिहावे. दादरला जिना उतरून फलाटावर पोचेपर्यंत इथे परिस्थिती दोनदा बदलते, परंतु वहीत ती कायम राहू शकते. गोची होते ती लवचिकतेचे, म्हणजे किंमत बदलल्यावर मागणी किती प्रमाणात बदलते याचे, उदाहरण आले की. समजा, वडापाव १५ रुपयांचा २० झाला आणि गाडीवरचा खप २०० वरून १६० वर आला. किंमत ३३.३ टक्के वाढली, मागणी २० टक्के घटली, म्हणून लवचिकता ०.६. आता तोच गाडीवाला भाव परत १५ वर आणतो आणि खप पुन्हा २०० होतो: किंमत २५ टक्के घटली, मागणी २५ टक्के वाढली, लवचिकता नेमकी १. तोच वडा, तेच गिऱ्हाईक, आणि उत्तरे दोन. या ठिकाणी हुशार विद्यार्थ्याने थांबू नये. थांबला तर त्याला प्रश्न पडेल, मग तो टक्केवारी दोन्ही टोकांच्या सरासरीवर काढून ०.७८ पर्यंत पोचेल, आणि गल्ला ३,००० वरून ३,२०० वर गेला असल्याने मागणी एकाहून कमी लवचिकच असणार, असा पडताळाही त्याला सुचेल. एवढे झाल्यावर तो मित्रांत मिसळण्याच्या लायकीचा राहत नाही. पुस्तकामागे ०.६ छापले असेल तर ०.६ लिहावे, १ छापले असेल तर १.

संख्याशास्त्राविषयी माझा सल्ला अधिक थोडक्यात आहे: उत्तर पूर्णांकात आले की ते बरोबर. तुमची लोकल आठवड्यातले चार दिवस २ मिनिटे उशिरा आली आणि पाचव्या दिवशी पाऊस झाल्याने ४२ मिनिटे. सरासरी उशीर १० मिनिटे, जो एकाही दिवशी झाला नाही. मध्यगा, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधला येणारा, २ मिनिटे, जिच्यात पावसाला जागाच नाही. प्राध्यापकांपुढे कारण सांगताना सरासरी वापरावी, आणि त्याच लोकलने येणाऱ्या मित्राला उशिराबद्दल झापायचे असेल तेव्हा मध्यगा. पुढे प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती दूर पसरले आहेत याचे माप, विचारतात. विचलनांच्या वर्गांची बेरीज १,२८० येते. तिला ५ ने भागले तर २५६, आणि वर्गमूळ अगदी १६. पण हे पाच दिवस नमुना म्हणून घेतलेले असतील तर ५ ने नव्हे, ४ ने भागावे लागते, कारण सरासरी याच पाच आकड्यांतून काढलेली असते आणि तिच्याभोवती मोजलेला विखुरलेपणा खऱ्यापेक्षा कमी भरतो. मग ३२० चे वर्गमूळ १७.८९ असे विद्रूप उत्तर येते. तुमच्या सौंदर्यदृष्टीला १६ पटत असेल तर नियमाची पर्वा करू नका.

या विषयात 'स्टुडंट'च्या नावाने ओळखली जाणारी एक चाचणी आहे, हे ऐकून तुम्हाला आपलेपणा वाटेल. तो विद्यार्थी म्हणजे डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात नोकरी करणारे विल्यम गॉसेट. १९०८ साली त्यांनी आपला लेख त्या टोपणनावाने छापला. विद्यार्थ्याच्या नावावर एवढे मोठे काम व्हायचे तर ते नोकरदार माणसाने करावे लागते, हा निष्कर्ष मी पाच टक्के सार्थकता पातळीवर स्वीकारण्यास तयार आहे.

ऑपरेशन्स मॅनेजमेंटमध्ये दर वेळी किती माल मागवावा हे सांगणारे सूत्र पाठ असले की पुरे. वर्षाला ३,६०० वह्या विकणारा दुकानदार घ्या. दर ऑर्डरचा खर्च ५० रुपये आणि एक वही वर्षभर साठवण्याचा खर्च ४ रुपये. फोर्ड हॅरिस यांनी १९१३ साली मांडलेल्या सूत्राप्रमाणे मागणी आणि ऑर्डरचा खर्च यांच्या गुणाकाराची दुप्पट करून तिला साठवणुकीच्या खर्चाने भागले की ९०,००० येतात, आणि त्यांचे वर्गमूळ ३००. दर वेळी ३०० वह्या, वर्षाला बारा ऑर्डरी. ऑर्डरींचा खर्च ६०० आणि साठवणुकीचाही ६००, म्हणजे उत्तर जुळल्याची खूण तिथेच मिळते. दरवर्षी काही विद्यार्थ्यांच्या हातून वर्गमूळ निसटते आणि दुकानदार एका दमात ९०,००० वह्या मागवतो, म्हणजे पंचवीस वर्षांचा साठा. उत्तराखाली ते दोन रेघाही मारतात. मी एकदा समासात लिहिले, "गोदामाचे भाडे कोण भरणार?" पुढल्या वेळी त्या मुलाने भाडे किरकोळ खर्चात दाखवले.

प्रकल्पासाठी विषय शोधण्याचे कारण नाही. मुंबईत राहणाऱ्याने डबेवाल्यांवर लिहावे. जुना प्रकल्प घ्यावा, मुखपृष्ठावरचे नाव बदलावे. त्यात डबेवाल्यांची व्यवस्था सिक्स सिग्मा दर्जाची आहे असे एक वाक्य असते आणि त्यांची चूक ६० लाखांत एकदाच होते असे दुसरे. सिक्स सिग्मा म्हणजे दहा लाखांमागे ३.४ चुका, तर ६० लाखांमागे वीस. एक आणि वीस यांत काही अंतर आहे. ही दोन वाक्ये एकाच परिच्छेदात शेजारी वाचून मी विद्यार्थ्याला विचारतो की यातले कोणते खरे, आणि तो अत्यंत नम्रपणे उत्तर देतो, "सर, दोन्ही नेटवर आहेत." इमारतींच्या जिन्यांवरून डबे वाहणाऱ्या माणसाला डब्यावर रंगवलेली खूण वाचल्याशिवाय डबा उचलता येत नाही, पण तेवढे वाचण्याचे बंधन त्याच्यावर प्रकल्प लिहिणाऱ्यावर घालणे योग्य होणार नाही.

शेवटी वेळेविषयी. वर्गात उशिरा येणे किती घातक ठरू शकते, हे अमेरिकेतल्या एका प्रसंगावरून कळते. १९३९ साली बर्कलेच्या विद्यापीठात जॉर्ज डँट्झिग नावाचा विद्यार्थी येर्झी नेमन यांच्या तासाला उशिरा पोचला. फळ्यावरची दोन उदाहरणे गृहपाठ समजून त्याने उतरवून घेतली, आणि काही दिवसांनी ती सोडवून देताना, उदाहरणे नेहमीपेक्षा जरा अवघड असल्याने उशीर झाला, म्हणून सरांची माफी मागितली. ती संख्याशास्त्रातली तोवर न सुटलेली उदाहरणे होती. फळ्यावरून उतरवताना ती कोणी आधी सोडवली आहेत का, एवढीही चौकशी न केल्याचा हा परिणाम. याच गृहस्थांनी १९४७ साली मर्यादित साधनांचा सर्वोत्तम वापर काढणारी सिम्प्लेक्स पद्धत शोधून तुमच्या अभ्यासक्रमाला आणखी एक प्रकरण जोडले.

तुम्ही उशिरा आलात तर केवळ माफीपत्र द्यावे, उदाहरणे उतरवू नयेत. गेल्या सत्रात अशी नऊ माफीपत्रे माझ्या टेबलावर आली. नऊही जणांना त्या दिवशी लोकलमुळे ४२ मिनिटे उशीर झाला होता, आणि त्यांतला एक महाविद्यालयाच्या मागच्याच गल्लीत राहतो.