शिक्षा वाढवा, पण आधी खटला चालवा

ट्रॅफिक हवालदाराला बॉनेटवर घेऊन गाडी पळवल्याचा व्हिडिओ आला की खाली कमेंट ठरलेली: 'दहा वर्षं आत टाका.' वायपर धरून लटकलेला माणूस बघून संताप मलाही येतो. पण शिक्षा वाढवण्याचा प्रयोग आपल्याकडे करून झालाय.

सरकारी कामात अडथळा आणायला कर्मचाऱ्यावर हल्ला केला तर जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३५३खाली २ वर्षांपर्यंत कैद होती. महाराष्ट्राने २०१८ मध्ये त्याची ५ केली. १ जुलै २०२४ला दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, कलम ३५३चं १३२ झालं आणि शिक्षा परत २ वर्षांवर. (इजा केली तर कलम १२१ लागतं, तिथे ५ वर्षं आहेत.) मला तरी कुठे ओरड ऐकू आली नाही. हात उचलणाऱ्याला ५ही ठाऊक नव्हती आणि २ही!

त्याला पक्कं ठाऊक असतं ते वेगळंच: खटला तडीस जात नाही. रात्री कॅज्युअल्टीत मार खाल्लेला निवासी डॉक्टर फिर्यादी. साक्षीला उभं राहायची वेळ येते तोवर त्याचं शिक्षण संपून तो दुसऱ्या जिल्ह्यात, तपास करणाऱ्या फौजदाराची बदली, पंच म्हणतो आठवत नाही. मग कुणीतरी मध्ये पडून मिटवून टाकतं. रुग्णवाहिकेच्या कंत्राटी चालकाचं तर विचारूच नका, कोर्टाची तारीख म्हणजे त्याची हजेरी बुडाली. डॉक्टरांसाठी २०१०पासून राज्याचा वेगळा कायदा आहे. ३ वर्षं कैद, ५० हजार दंड, नुकसानीची दुप्पट भरपाई. त्याचे बोर्ड भिंतीवर लटकतात आणि मारहाण त्या बोर्डाखालीच होते.

कोविडच्या वेळी, २०२० मध्ये, साथरोग कायद्यात दुरुस्ती झाली. गंभीर दुखापतीला ७ वर्षांपर्यंत कैद, याचीच बातमी झाली. मला मोलाचं वाटलं ते पुढचं: तपास ३० दिवसांत, खटला शक्यतो वर्षभरात. पण हे फक्त साथीपुरतं आणि फक्त आरोग्य कर्मचाऱ्यांना. हीच मुदत पोलिस, अग्निशमन, रुग्णवाहिका सगळ्यांना लावा, मग वर्षांचं बोलू.

आणि वाढवायचीच तर १२१ची वाढवा, १३२ची नको. दाखला का अडलाय विचारणाऱ्याला "३५३ लावू का?" म्हणून दटावणारे साहेब काही कमी नाहीत, आणि कलम अजामीनपात्र आहे. चढ्या आवाजात बोलणारा आणि डोकं फोडणारा एका मापाने मोजू नका. सीसीटीव्ही आणि बॉडी कॅमेऱ्याचं फुटेज पहिल्याच दिवशी ताब्यात घ्यायची सक्ती करा, साहेब खोटं बोलत असेल तर तेही त्यातच दिसेल.