सशाची केसगळती, आंघोळ आणि अननसाचा रस : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

केसगळतीच्या दिवसांत सशाला रोज विंचरावे, या माझ्या सल्ल्यावरील आपल्या टीकेकडे वळण्यापूर्वी एक तातडीची गोष्ट. प्रतिक्रियेच्या शेवटी आपण सहज लिहिले आहे की, सध्याचा ससा कालपासून कोथिंबिरीपलीकडे काही खात नाही आणि लेंड्या अगदी बारीक पडत आहेत. हे केसगळतीच्या दिवसांत चालायचेच, असे समजू नये. ससा दहा-बारा तास धड खात नसेल, तर तो आजच पशुवैद्यांकडे न्यावा, आणि पोट टणक लागत असेल तर घरी बळेच काही भरवू नये.

आता आपले आक्षेप. जंगलातल्या सशाला कोणी विंचरत नाही. कराडच्या आपल्या घरी अनेक वर्षे ससे आहेत, केस गळू लागले की त्यांना कोमट पाण्याने आंघोळ घातली जाते, चमचाभर अननसाचा रस पाजला जातो आणि तेवढ्याने भागते. मी मात्र रोजच्या फणीचा उगाच बाऊ केला आहे, असे आपले म्हणणे.

रानातला ससाही अंग चाटतो आणि केस गिळतो, हे खरेच आहे. किंबहुना निरोगी सशाच्या पोटातही थोडे केस असतातच. फरक असा की रानातला ससा दिवसाचा मोठा भाग गवत खाण्यात घालवतो, धावतो, आणि गिळलेले केस त्या चोथ्याबरोबर पुढे सरकून लेंडीवाटे बाहेर पडतात. आपला पाळीव ससा पिंजऱ्यात बसून गोळीखाद्य, गाजर आणि लाडाने दिलेली चपाती खातो. चोथा कमी पडला की आतडे मंदावते, पोटातले पाणी शोषले जाते, आणि मग केस व अन्न यांचा घट्ट गोळा बनतो. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे तो गोळा वरून बाहेर पडण्याची सोयच नाही. म्हणजे मूळ दुखणे मंदावलेल्या आतड्याचे असते आणि केस त्यात भर घालतात. म्हणूनच गवत आणि पाणी आधी, फणी नंतर.

अननसाच्या रसाने केस विरघळत नाहीत. त्यातले विकर (एन्झाइम) काही प्रथिने तोडते, पण केसातल्या केराटिन या चिवट प्रथिनापुढे त्याचे काही चालत नाही. डबाबंद रसात तर तापवल्यामुळे ते विकरही उरत नाही. उरते ती साखर, आणि ती सशाच्या आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंचे गणित बिघडवते. गुण येत असेलच तर तो रसातल्या पाण्याचा, आणि पाणी पसरट वाडग्यात ठेवले की ससे नळीच्या बाटलीपेक्षा सहसा अधिक पितात.

आंघोळीविषयी माझे मत बदललेले नाही. खालची दाट लव भिजली की वाळायला फार वेळ लागतो आणि अंग गार पडते. घाबरलेल्या सशाने मागचे पाय जोरात झाडले तर त्याचाच कणा मोडू शकतो. त्याऐवजी हात किंचित ओले करून पाठीवरून फिरवावेत, सुटे केस तळहाताला चिकटून येतात. केसगळती बहुधा डोक्याकडून सुरू होऊन मानेवरून पाठीवर आणि मग कुशीकडे सरकते. पाठीवर जुन्या-नव्या केसांची जी रेघ दिसते, तिच्या मागचे केस नुसत्या चिमटीत पुंजक्याने निघतात. जे सहज निघत नाहीत ते ओढू नयेत, कारण सशाची कातडी फार पातळ असते आणि फाटते. फणीचा अतिरेक वाईट, हे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.

कोणते गवत, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण साताऱ्यात खरी अडचण तीच आहे. दिवाळीनंतर डोंगरउतारावरून कापून आणलेल्या गवतात कुसळे असतात. ती सशाच्या तोंडात आणि डोळ्यात रुततात, म्हणून मूठभर गवत उजेडात धरून, कुसळे झटकून मगच टाकावे. औषध न फवारलेली हरळी उत्तम. ती सावलीत वाळवून साठवता येते. कडब्याची पाने चालतात, मात्र ज्वारीचे कोवळे हिरवे पोंगे कधीही देऊ नयेत, त्यांत सायनाइड तयार करणारे द्रव्य असते. लसूणघास पिल्लांना ठीक. मोठ्या सशाला रोज दिला तर त्यातले कॅल्शियम मूत्राशयात साचण्याचा धोका असतो. लेंड्या केसांत ओवल्यासारख्या माळेने पडू लागल्या, तर त्या दिवशी गोळीखाद्य कमी करून गवत वाढवावे.

आणि एक. टक्कल पडून खालची कातडी लाल दिसत असेल किंवा मानेमागे जाड कोंडा असेल, तर ती केसगळती नव्हे, बहुधा सूक्ष्म किडे असतात. अशा वेळी कुत्र्यासाठी आणलेले फिप्रोनिल या पिसवा-गोचीडनाशकाचे थेंब सशाच्या अंगावर टाकू नयेत. ते त्याच्या जिवावर बेतू शकतात.