स्वदेशी ड्रोन, दोन स्टिकरांत

नाशकात अंबडला गाळा भाड्याने घेतलात? झकास. लष्कराला टेहळणीचे ड्रोन विकायचे तर पहिली गुंतवणूक हेअर ड्रायरची. मोटारीवरचं चिनी स्टिकर नखाने ओरबाडू नका. डिंक राहतो, त्यावर धूळ बसते आणि पुसलेली अक्षरं उलट उठून दिसतात. गरम हवा मारा, कोपरा सुटला की सावकाश ओढा, उरलासुरला चिकटा नेलपॉलिश रिमूव्हरने काढा. मग त्या जागी तिरंगा. जरा मोठाच घ्या, शेजारचा नंबरही झाकतो.

कायद्याला घाबरू नका. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. आख्खा ड्रोन नाही, सुटा करून आणलेला संचही नाही. सुट्या भागांना मात्र मोकळीक. तेव्हा मोटारी एका खोक्यात मागवा, फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे ड्रोनचा मेंदू, दुसऱ्या, कॅमेरा तिसऱ्या. तीन खोकी एका टेबलावर आली आणि आयटीआयच्या पोराने स्क्रू आवळले, की झालं संशोधन.

माहितीपत्रकात उड्डाणाची वेळ ४५ मिनिटं छापा. वारा नसेल, कॅमेरा काढला असेल, बॅटरी नवीकोरी असेल तर तिच्या जवळपास जाताही येईल. विजेवरच्या ड्रोनची महती आवाज कमी, उष्णता कमी, पाठपिशवीत मावतो, अशी गा. लडाखचा विषय निघाला की चहा मागवा. तिथे हवा विरळ, पंखे जास्त गरगरावे लागतात आणि थंडीत लिथियमची बॅटरी मान टाकते. त्यासाठी 'अतिशीत चाचणी' जानेवारीत निफाडला उरका. पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटलेल्या असतात, फोटो छान येतात. अहवालात उंचीचा रकाना असतो, तो रिकामा सोडा.

नाशकात उडवायला जागा मिळणं हीच खरी पंचाईत. इकडे ओझरची धावपट्टी, तिकडे गांधीनगरची लष्करी हेलिकॉप्टरं, पलीकडे देवळालीची तोफखान्याची शाळा. (तोफेचा गोळा नेमका कुठे पडला हे बघायला पूर्वी माणूस दुर्बीण घेऊन टेकडीवर बसायचा. ते काम आता या दोन-चार किलोच्या यंत्राकडे चाललंय. त्याने पाठवलेलं चित्र वाटेत आणखी कोण बघतं, हे विचारणारा अधिकारी भेटला तर त्याला पुन्हा बॅटरीकडे वळवा.)

फेब्रुवारी २०२५ मध्ये लष्कराने चिनी भागांच्या कारणावरून ४०० ड्रोनचे करार रद्द केल्याची बातमी कुणी काढलीच, तर ते मालवाहू होते, आपले टेहळणीचे, असं ठणकावून सांगा.

आणि डेमोच्या आधी टॅबलेटचा आवाज बंद करा. आमच्या ओळखीतला एक विसरला. बटण दाबलं आणि यंत्र मंजुळ चिनी आवाजात लांबलचक काहीतरी बोललं. पठ्ठ्या म्हणाला, "सर, संस्कृत मोड आहे." साहेब हसले. जवळ आले, खाली वाकले आणि मोटारीवरच्या तिरंग्याचा कोपरा नखाने अलगद उचलून बघितला.