राखून ठेवलेले खून

आमच्या घरी, लातुरात, ज्वारीच्या कोठीत पाच खून लपवून ठेवलेले आहेत. कमीत कमी पाच. बाईंचा हात त्या दिवशी सैल सुटला असेल तर आठ-दहाही निघतील. खाली ज्वारी, वर कडुलिंबाचा वाळलेला पाला, त्यावर साडीच्या दुकानाची जाड पिशवी आणि पिशवीत अगाथा ख्रिस्तीच्या पाच कादंबऱ्या. कोऱ्या नाहीत, पुण्याच्या फूटपाथवरून घेतलेल्या आहेत. पण मी न वाचलेल्या.

बाई ६६ रहस्यकादंबऱ्या लिहून १९७६ च्या जानेवारीत गेल्या. त्यातल्या ६१ माझ्या वाचून झाल्या. कॉलेजात असताना तर आठवड्याला एक, अशा हावरटपणानं संपवल्या. तेव्हा कुणी कानफटात मारून सांगायला हवं होतं, की बाबा, हा साठा मर्यादित आहे. आता बाईंच्या पॉयरो या गुप्तहेराला हाताशी धरून दुसरं कुणी नव्या कादंबऱ्या लिहितं. लिहोत बापडे. पण ते टँकरचं पाणी. तहान भागते, चव लागत नाही.

मग मी हिशोब मांडला. माझं वय ५२. आमच्या घराण्यातली माणसं ऐंशीपर्यंत चिवटपणे टिकतात. अण्णा ८१ चे आहेत आणि अजून सकाळी मंडईत जाऊन मेथीच्या जुडीसाठी भांडतात. म्हणजे माझ्या हातात २८ वर्षं आणि पाच पुस्तकं. साडेपाच वर्षांना एक.

हा हिशोब बायकोला दाखवला. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवते, पण गणितही बरं आहे.

"आणि मधेच गेलात तर?"

रात्रभर झोप लागली नाही. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो म्हणतात. माझ्या बाबतीत काळ खुशाल सोकावो, पण पाच खुनी मोकाट सोडून जायचं म्हणजे काय!

आता कुणी म्हणेल, हे साठवणीचं खूळ आलं कुठून? अहो, लातूरकराला हे विचारायचं? एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं तेव्हा आम्ही मिरजेहून आलेल्या रेल्वेचं पाणी प्यालोय. जलदूत तिचं नाव. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. बाईंच्या कादंबरीतली ती बर्फात अडकलेली रेल्वे जगभर गाजली, पण रेल्वेकडं डोळे लावून बसणं काय असतं ते आम्हाला विचारा. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. घागर घेऊन पाच बायका एकत्र आल्या की कलम १४४! तेव्हापासून आमच्या घरात हौद, त्यावर सिंटेक्स, न्हाणीत दोन ड्रम, स्वयंपाकघरात पिंप आणि एवढं करून पलंगाखाली बाटल्या असतात. नळाला आमच्या गल्लीत कधी आठ दिवसांनी पाणी, कधी दहा. तेही वॉलमनला जाग येईल तेव्हा, म्हणजे बहुधा रात्री दोनला. अशा गावात राहणारा माणूस समोर भरलेला हंडा दिसला म्हणून ढसाढसा पिईल का?

राखून ठेवायचं म्हटलं की प्रश्न येतो, कशासाठी? मी ठरवलं होतं, संकटकाळासाठी. पण संकटं येतात ती कधी पुस्तकाच्या तोलामोलाची नसतातच. २०२० च्या मार्चमध्ये एकवीस दिवस घरात बसा म्हणाले. मी कोठीचं झाकण उघडलंसुद्धा. मग वाटलं, एकवीस दिवसांनी हे आणखी वाढवलं तर? आत्ताच उडवून मोकळा झालो तर मेमध्ये काय करू? झाकण लावलं. लॉकडाऊन वाढत गेला, माझा अंदाज खरा ठरत गेला आणि मी एकही पान न वाचता जिंकत गेलो. त्या काळात मी पंचांग वाचलं, मिक्सरची माहितीपुस्तिका वाचली, शेजाऱ्यांची लग्नपत्रिका दोनदा वाचली.

नंतर मुतखडा झाला. बोअरचं पाणी पिणाऱ्याला तो होणारच. दवाखान्यात भरती होताना एक पुस्तक पिशवीत घातलं. डॉक्टर म्हणाले, "काही नाही हो, किरकोळ आहे. उद्या घरी." झालं! किरकोळ दुखण्यावर ख्रिस्ती उधळायची? पुस्तक उशाला ठेवून रात्रभर कण्हलो. शेजारच्या खाटेवरचे काका म्हणाले, "बायबल हाय का?" मी हो म्हटलं. ख्रिस्ती तर होतीच.

पण खरा धोका दुखण्याचा नाही, साडूचा आहे. माझे नांदेडचे साडू वाचक आहेत आणि वाचलेलं त्यांच्या पोटात राहत नाही. गेल्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, सगळे शेतात जमलो होतो. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, 'ओलगे ओलगे सालम पोलगे' झालं, चिंचेखाली सतरंजीवर पंगत बसली. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, मडक्यातलं गार आंबील. एवढं सुख समोर असताना साडूंनी विचारलं, "काय वाचूलालाव सध्या?" मी गाफील होतो. राखलेल्यांपैकी एकाचं नाव तोंडातून निसटलं.

"अरे वा! ते? त्यात तर शेवटी तो..."

मला आठवतं ते एवढंच, की माझ्या हातात उंडा होता आणि साडूंचं तोंड उघडं होतं. बाजरीचा उंडा कोरडा असतो. ज्यांनी खाल्लाय त्यांना कळेल. साडूंनी पाच मिनिटं एक शब्द काढला नाही, नुसते डोळे वटारून आंबिलाकडं बोट दाखवत होते. मेव्हणी म्हणाली, "दाजी किती प्रेमानं भरवूलालेत बघा."

पण त्या अर्ध्या वाक्यातला 'तो' मात्र डोक्यात शिरलाच. म्हणजे खुनी पुरुष आहे. जगातली अर्धी माणसं एका फटक्यात निर्दोष सुटली. त्या पुस्तकाची किंमत माझ्या लेखी तिथंच निम्म्यावर आली.

अण्णांना या सगळ्याचं हसू येतं. ते बाबूराव अर्नाळकरांचे वाचक. बाबूरावांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार संपला की काळापहाड, तो संपला की धनंजय. "आमच्या वेळी विहिरीला झरा होता," अण्णा म्हणतात, "तुझा नुसता हौद." लायब्ररीतल्या पुस्तकांची शेवटची पानं बऱ्याचदा फाटलेली असायची, तेव्हा शेवट ते आपल्या मनानं लावायचे. अजूनही त्यांना वाटतं, त्यांनी लावलेले शेवट जास्त बरे होते.

माझा एकच आधार आहे, खुद्द बाई. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते त्या काळात त्यांनी दोन कादंबऱ्या लिहिल्या आणि छापायच्या सोडून कुलपात टाकल्या. एक मुलीच्या नावानं, एक नवऱ्याच्या. अगदी एलआयसीसारखं. त्यातली एक १९७५ ला निघाली, दुसरी बाईंच्या माघारी. तीस-तीस वर्षं पुस्तक दाबून ठेवणाऱ्या बाईंचा मी वाचक. साडेपाच वर्षांत माझं काय बिघडतं? ती १९७५ ची माझ्या पिशवीत आहे. त्यात पॉयरोचं काय होतं हे मला ठाऊक आहे, कारण तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सनं पहिल्या पानावर त्याच्या निधनाची बातमी छापली होती. साडू परवडले. (अरे हो, आता तुम्हालाही कळलं. माफ करा. माझ्याजवळ उंडा होता, तुमच्याजवळ नव्हता.)

परवा पाला बदलायला पिशवी काढली. जुना झाडून टाकला, पुस्तकं पुसायला घेतली आणि पहिल्याच पुस्तकात पान ५४ वर हळदीचं बोट दिसलं. दुसऱ्याच्या मलपृष्ठावर पेल्याचा गोल डाग. तिसरं पाण्यानं फुगलेलं. चौथ्यात ज्वारीचा दाणा, तोही थेट शेवटच्या प्रकरणात. पाचव्यात, म्हणजे त्या १९७५ च्या पुस्तकात, टँकरवाल्याची पावती खुणेला घातलेली. तारीख गेल्या महिन्याची.

मी भिंतीला टेकून बसलो. खुनी बाहेरचा नसतो, घरातलाच असतो, हे बाईंनी मला ६१ वेळा सांगितलं होतं. आणि मी पुस्तकं लपवली कुठं? जी कोठी बायको दर पंधरा दिवसांनी दळणासाठी उघडते तिच्यात! पॉयरोच्या त्या करड्या पेशींपैकी एक जरी माझ्या डोक्यात असती तर गादीखाली ठेवली असती.

त्याच रात्री दोनला पाणी आलं. मी उठून स्वयंपाकघरात गेलो. मोटार चालू, नळी पिंपात आणि ओट्याशेजारी पाटावर बसून बायको वाचत होती. सुळसुळ पाणी पडत होतं, ती पान उलटत होती. वीस वर्षं मी पांघरूण ओढून झोपलो आणि ही पाणी भरत जागी राहिली. त्या जागरणाचं तिनं काय केलं हे मी कधी विचारलंही नव्हतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून. आवो, त्या दुसऱ्यातला खुनी अगदी आपल्या..."

मी कान दाबून धरले. ती हसली. पिंप भरलं, तिनं नळी ड्रमात टाकली आणि पुस्तकात पावती घालून मिटलं.

"किती राहिलंय?"

"दहा पानं."

"मग संपव की. दहाच तर आहेत."

"वा!" ती म्हणाली. "मग पुढच्या पाण्याला काय वाचू?"