शाल्के हा ‘हिटलरचा क्लब’ नव्हता

जर्मनीत बोखुमला शिकणाऱ्या माझ्या भाच्याने शाल्के ०४ या तिथल्या फुटबॉल क्लबचा निळा-पांढरा मफलर घातलेला फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, आणि लगेच कुणीतरी त्याखाली तो जुनाच फॉरवर्ड चिकटवला. शाल्के म्हणजे हिटलरचा लाडका क्लब, त्याच्याच कृपेने सहा वेळा जर्मनीचा विजेता, पहिल्यापासून ज्यूद्वेष्टा. आणि पुरावा काय, तर नाझी सलामासाठी हात उंचावून उभ्या खेळाडूंचा फोटो. आता भाचा विचारतोय, मफलर वापरू की नको. हे असलं काही डोळे झाकून पुढे ढकलणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

हिटलर शाल्केचा चाहता असल्याचा एकही पुरावा नाही. मुळात त्याला फुटबॉलची आवडच नव्हती. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये तो जर्मनी-नॉर्वे सामन्याला गेला, जर्मनी ०-२ हरली आणि सामना संपायच्या आधीच तो उठून निघून गेला. २००८ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ने नकोशा चाहत्यांच्या यादीत त्याला शाल्केच्या खात्यात टाकलं, तेव्हा क्लबने जाहीर निषेध केला. वर्तमानपत्रात आलं म्हणून दंतकथेचा इतिहास होत नाही.

‘पहिल्यापासून ज्यूद्वेष्टा’ हे मात्र नुसतं चूक नाही, अन्यायाचं आहे. १९३२ मध्ये या क्लबचे उपाध्यक्ष म्हणून निवडून आले ते डॉ. पाउल आयशेनग्र्यून, क्लबच्याच गावचे, गेल्झेनकिर्खेनचे दंतवैद्य आणि ज्यू. नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं, पुढे ते अमेरिकेला गेले. एर्न्स्ट आलेक्झांडर हा ज्यू मुलगा शाल्केच्या युवा संघात खेळायचा. तो पळून नेदरलँड्सला गेला, तिथेही नाझी पोहोचले आणि १९४२ मध्ये आउशवित्झच्या छळछावणीत त्याला मारलं गेलं. आज क्लब त्याच्या नावाने पुरस्कार देतो. ‘हा क्लब पहिल्यापासून त्यांचाच होता’ असं म्हटलं की ही माणसं तिथे होती हेच पुसलं जातं.

आता जे खरं आहे ते मान्य करावंच लागेल, जड मनाने का होईना. क्लबनेच इतिहासकार श्टेफान गोख आणि नॉर्बर्ट झिल्बरबाख यांच्याकडून त्या काळाचा अभ्यास करून घेतला, तो २००५ मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यात दिसतो तो राजवटीशी जुळवून घेणारा, तिला आपलं नाव वापरू देणारा क्लब. कर्णधार फ्रित्स शेपान नाझी पक्षाचा सदस्य झाला. शाल्के वस्तीतल्या बाजारात ज्यू मालकांचं कापडाचं मोठं दुकान होतं. १९३८ मध्ये मालकांना ते सोडावं लागलं आणि शेपानने ते घेतलं. मालकांना पुढे नाझींच्या ताब्यातल्या रीगाला पाठवलं गेलं, ते परतले नाहीत. म्हणूनच २००१ मध्ये नव्या स्टेडियमजवळच्या रस्त्याला शेपानचं नाव द्यायचा बेत रद्द झाला. फॉरवर्डमध्ये या दुकानाबद्दल अक्षर नाही. नसलेल्या हिटलर-प्रेमावर चार ओळी, आणि खरोखर घडलेल्या लुटीबद्दल गप्प!

विजेतेपदांचं म्हणाल तर १९३४, ३५, ३७, ३९, ४० आणि ४२ ही सहा खरी आहेत. पण कृपेचा भाग कुठला? हा खाणकामगारांच्या वस्तीतला संघ नाझींच्या आधीच गाजत होता. शेपान आणि त्याचा मेव्हणा एर्न्स्ट कुत्सोरा यांचे छोटे, भराभर पास बघायला १९३१ मध्ये ग्ल्यूकआउफ मैदानावर सुमारे ७० हजार माणसं लोटली होती. आणि सत्ताच कप वाटत होती, तर १९३८ च्या अंतिम सामन्यात हानोफरने शाल्केला ४-३ कसं हरवलं? १९४१ मध्ये बर्लिनमधल्या अंतिम सामन्यात शाल्केकडे ३-० अशी आघाडी असताना रॅपिड व्हिएन्नाने तोच ४-३ चा निकाल कसा लावला?

राहिला फोटो. तो खरा असेलही. त्या वर्षांत जर्मनीतल्या प्रत्येक संघाला सामन्याआधी हात उंचवावाच लागायचा. मे १९३८ मध्ये बर्लिनला खेळायला आलेल्या इंग्लंडच्या राष्ट्रीय संघानेही तो उंचावला होता. एका फोटोवरून शाल्के वेगळा काढता येत नाही.