आमच्या दादाची पेन्शन आणि आमदारांचं भाषण

आज दुपारी एका निवृत्ती समारंभाला गेले होते. शाल, श्रीफळ, सामोसे, भाषणं. प्रमुख पाहुणे एक आमदार. माईक हातात घेतल्या घेतल्या म्हणाले, "सरकारी नोकरी मिळाली म्हणजे जन्माची ददात मिटली. आता आरामात नातवंडांत रमा!" टाळ्या पडल्या. ज्या बाईंचा सत्कार होता त्या 2008 ला लागलेल्या, म्हणजे जुनी सरकारी पेन्शन त्यांना नाहीच. त्या मांडीवरच्या शालीची घडी घालत राहिल्या, वर बघितलंच नाही. घरी पोचेपर्यंत माझं डोकं शांत झालं नाही, म्हणून लिहायला बसले. लांबलं तर लांबू दे.

ददात कुणाची मिटली हो? माजी आमदारांना पेन्शन आहे, ती सरळ तिजोरीतून येते आणि शेअर बाजार पडला म्हणून कमी होत नाही. तीच सोय कारकुनाला, शिक्षिकेला, नर्सला द्यायची म्हटली की लगेच "राज्याला परवडणार नाही."

आमच्या दादाचं सांगते. 1998 ला रोजंदारीवर लागला. काम कायम कारकुनाचंच. त्याच फायली, तेच साहेब, पावसाळ्यात गळणारं तेच छप्पर. कायम झाला 2007 ला, आणि तोवर दार लागलेलं. गोव्यात 5 ऑगस्ट 2005 पासून जो सेवेत आला त्याला जुनी पेन्शन नाही. 2024 ला साठ पूर्ण झाली. एनपीएसमध्ये, म्हणजे पगारातून कापून बाजारात गुंतवायच्या नव्या पेन्शन योजनेत, जमले 18 लाखांच्या आसपास. त्यातले 60 टक्के हातात मिळाले, ते घराच्या कर्जात आणि पुतणीच्या शिक्षणात गेले. उरलेल्या 40 टक्क्यांची ॲन्युइटी घ्यावीच लागते, म्हणजे ते पैसे विमा कंपनीला द्यायचे आणि ती दरमहा ठराविक रक्कम देते. तिचे दरमहा 3,900 रुपये येतात. पुढच्या वर्षीही 3,900 आणि तो ऐंशी वर्षांचा होईल तेव्हाही 3,900.

आमचे काका त्याच खात्यातून, त्याच हुद्द्यावरून निवृत्त झाले. त्यांना जुनी पेन्शन, म्हणजे शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम आणि वर महागाई भत्ता. नोव्हेंबर आला की इस्त्रीचा शर्ट घालून हयातीचा दाखला द्यायला बँकेत जातात. दादा म्हापशाच्या बाजारात एका हार्डवेअरच्या दुकानात पावत्या लिहितो. एकाच पंगतीला बसवून एकाच्या पानात पुरणपोळी आणि शेजारच्याच्या पानात पेज वाढावी, तसं झालंय हे. काकांचा मी हेवा करत नाही. त्यांना मिळतं ते हक्काचं आहे. पेन्शन ही मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेचा मोबदला आहे, हे सुप्रीम कोर्टाने नकारा खटल्यात 1982 मध्येच सांगून ठेवलंय.

आता यातलं राजकारण बघा. डिसेंबर 2003 मध्ये वाजपेयी सरकारने अधिसूचना काढली आणि 1 जानेवारी 2004 पासून केंद्राच्या नव्या कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन बंद केली, सैन्यदलं वगळून. गोव्यात ती बंद झाली तेव्हा इथे काँग्रेसचं सरकार होतं. या नव्या पेन्शनवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाचा पीएफआरडीए कायदा संसदेत झाला थेट 2013 मध्ये, काँग्रेसने आणला आणि भाजपने पाठिंबा दिला. म्हणजे आज एकमेकांकडे बोट दाखवणारे दोघंही यात आहेत.

आणि तेव्हा या पक्षांना काही सोसावं का लागलं नाही? कारण ज्यांचं गेलं ते अजून नोकरीत आलेच नव्हते! जे नोकरीत होते त्यांच्या केसालाही धक्का लावला नाही, मग युनियन भांडणार कशाला? अजून न आलेल्या माणसांच्या ताटातलं काढून घेतलं. आमचा दादा तेव्हा रोजंदारीवर, युनियनच्या बैठकीत त्याला खुर्चीसुद्धा नव्हती.

पण ती माणसं आता आली आहेत, कार्यालयं त्यांनीच भरलीत आणि त्यांच्या घरात मतं आहेत. हिमाचलमध्ये 2022 ला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. काँग्रेसने जुन्या पेन्शनचं वचन दिलं आणि सत्ता आली. दोन्ही पक्षांच्या मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता. याच मागणीसाठी मार्च 2023 मध्ये महाराष्ट्रातले कर्मचारी संपावर गेले, ऑक्टोबरात दिल्लीचं रामलीला मैदान भरलं. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राला यूपीएस, म्हणजे ठराविक पेन्शनची हमी देणारी योजना, जाहीर करावी लागली. वीस वर्षं "शक्य नाही, शक्य नाही" म्हणणाऱ्यांना निवडणुका दिसू लागल्या तेव्हा शक्य झालं.

हो, राजस्थानात जुनी पेन्शन परत आणूनही काँग्रेस 2023 ला हरली, छत्तीसगडमध्येही हरली. मान्य. नुसत्या पेन्शनवर कुणी निवडून येत नाही. पण आपल्या गोव्यात 2022 ला फोंड्याचा निकाल 77 मतांनी लागला आणि सांत आंद्रेचा 76 मतांनी. एवढी मतं तर एका वाड्यावरच्या सरकारी नोकरांच्या घरांतून निघतात. आमच्यासमोर भाषणं करताना हे लक्षात ठेवा.

काहीजण खाली येऊन लिहिणारच, की वेर्ण्याच्या कारखान्यात राबणाऱ्याला काय मिळतं? बरोबर आहे तुमचं. ईपीएसची, म्हणजे पीएफवाल्या कामगारांच्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन 1,000 रुपये आहे, 2014 पासून तेवढीच. माझ्या शेजारच्या मावशी जन्मभर मासळी विकत आल्या, त्यांना गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला 2,000 रुपये मिळतात. ते आले की फोन घेऊन माझ्याकडे येतात, मेसेज वाचून दाखव म्हणतात. त्यांच्यासमोर दादाची तक्रार मांडायला मला जड जातं, खरंच. पण म्हणून दादाचंही काढून घ्यायचं का? मावशींचं वाढवा ना! सगळ्यांना सारखंच उपाशी ठेवणं हा काय न्याय झाला?

तिजोरीचा प्रश्न खोटा आहे असं मी म्हणत नाही. माणसं जास्त जगतात, पेन्शन वर्षानुवर्षं द्यावी लागते. पण तिजोरी रिकामी आहे हे फक्त कारकुनाची पाळी आली की कसं आठवतं? महोत्सवांच्या मांडवांना, जाहिरातींच्या फलकांना पैसे असतात. आणि इथे लोक जमीन विकून नोकरीसाठी पैसे देतात. 2024 मध्ये ती प्रकरणं पोलिसांत गेली, सगळ्या राज्याने वाचली. का देतात? म्हातारपणी कुणापुढे हात पसरायला लागू नये म्हणून. आणि आत गेल्यावर कळतं, की ज्यासाठी आलो ते 2005 लाच गेलंय.

यूपीएसचं कौतुक मला सांगू नका. शेवटच्या वर्षभराच्या सरासरी मूळ पगाराच्या 50 टक्के, पण सेवा 25 वर्षं भरली तर. गोव्यात रोजंदारी, कंत्राट असं करत चाळिशीत कायम झालेली किती माणसं आहेत, तुमच्याच नात्यात मोजा. ती 25 वर्षं कुठून आणणार? दादाची कायम सेवा 17 वर्षं. आधीची रोजंदारीची नऊ धरली तर 26 होतात. ती नऊ वर्षं तो घरी झोपला नव्हता. हजेरीपटावर त्याच्या सह्या आहेत.

म्हणून 2027 च्या विधानसभा निवडणुकीला जो कुणी दारात येईल, कुठल्याही पक्षाचा असो, त्याच्याकडून मला एवढंच लिहून पाहिजे आहे: कायम होण्याआधीची रोजंदारीची आणि कंत्राटाची वर्षं पेन्शनसाठी धरणार की नाही? हो किंवा नाही. "अभ्यास समिती नेमू" हे उत्तर मी धरणार नाही.

माझ्या फ्रेंडलिस्टमधले जे 5 ऑगस्ट 2005 नंतर लागले आणि निवृत्त झाले, त्यांनी खाली दोनच गोष्टी लिहा. कायम होण्याआधी किती वर्षं काम केलं आणि आता महिन्याला किती येतात. नाव, खातं काही नको. ज्यांना इथे लिहायची भीती वाटते त्यांनी मला इनबॉक्स करा. दादाचे आकडे मी पहिल्या कॉमेंटमध्ये टाकते आहे, त्याला विचारून.