एका गाडीला एक चालक? मांडून तर पाहा

नागपुरातल्या आमच्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर चार दिवसांपासून एक मेसेज फिरतो आहे: "शहर बससेवा वाढवायची तर गाड्या घ्या, भरती कशाला? एका गाडीला एक चालक पुरे. तिकीट मोबाइलवर. गाड्या विजेच्या, म्हणजे मेकॅनिकही नको. भरती म्हणजे खाबूगिरी." लिहिणारा आपल्या शहर बसमध्ये, म्हणजे 'आपली बस'मध्ये, कधी बसला नसावा.

सकाळी सहाला निघालेली गाडी रात्री दहाला डेपोत आली, असं धरा. झाले १६ तास. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा, २०२५ मध्ये तो नव्या कामगार संहितेत गेला. त्यात कामाची मर्यादा दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ होती; तीच धरू. म्हणजे गाडीच्या आठवड्याला १४ ड्यूट्या, चालकाच्या वाट्याला ६. शंभर गाड्यांना २३४ चालक झाले, तेही कुणाला ताप आला नाही अन् कुणाच्या घरी लग्न निघालं नाही तर! चालक नसला की नवीकोरी गाडी डेपोत उभी आणि आपण स्टॉपवर.

वाहक नको म्हणणाऱ्यांनी संध्याकाळी मोरभवन बसस्थानकावर यावं. वाहक दारात "हिंगणा, हिंगणा" ओरडत असतो. कॉटन मार्केटहून आलेल्या मावशीचं भाजीचं गाठोडं आधी आत ओढतो, मग तिला हात देतो, सुट्ट्यांवरून दोघांची जुंपते, आणि पायरी मोकळी झाल्यावरच डबल घंटी पडते. चालकाच्या आरशात दार दिसतं, पण त्या गर्दीत पायरीवरचा पाय दिसत नाही. मोबाइलवर तिकीट निघेल हो, घंटी कोण देणार? वाहकालाही कायद्यानं लायसन्स लागतं, ते उगाच नाही.

विजेच्या गाडीत इंजिन ऑइल आणि क्लच गेले, कबूल. ब्रेक, टायर, दारं तिथंच आहेत. वर जास्त व्होल्टेजची बॅटरी, तिला शिकलेल्या माणसानंच हात लावायचा.

खाबूगिरीची शंका मात्र मी उडवून लावणार नाही. नेमणूक कोण करतो, पगार कुणाकडून, पीएफ भरला जातो का, हे विचाराच. "लावून देतो" म्हणत पैसे मागणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा.

हा हिशेब ग्रुपवर टाकला, तर उत्तर आलं: "भाऊ, मेट्रोनं जा ना." जातो की! तिथंही पुढं चालक बसलेला असतो, अन् प्रजापती नगरला उतरून पारडीत जायचं तर पुन्हा बसचीच वाट पाहावी लागते.